बायनरी सर्च आणखी जलद करायचाय? मग तुलना मोजणं थांबवा

चढत्या क्रमाने लावलेल्या यादीत संख्या शोधायची तर बायनरी सर्च वापरायचा, हे कोडिंग शिकणाऱ्याला पहिल्या काही महिन्यांतच सांगितलं जातं. बायनरी सर्च म्हणजे मधली संख्या पाहून दर वेळी यादीचा नको तो अर्धा भाग सोडून देत जाणं. एक कोटी संख्या असल्या तरी २४ तुलनांत काम होतं. नुसत्या तुलनांच्या जोरावर याहून कमीत भागत नाही, हेही गणिताने सिद्ध झालेलं आहे. मग सुधारायला उरलं काय?

बरंच उरलंय. ती सिद्धता दोन गोष्टी धरून चालते. एक, प्रत्येक तुलनेला सारखाच खर्च येतो. दोन, यादीतल्या संख्यांबद्दल त्यांच्या क्रमापलीकडे आपल्याला काहीच माहीत नाही. प्रत्यक्ष मशीनवर पहिली गोष्ट साफ खोटी आहे: आकडा प्रोसेसरजवळच्या कॅश या छोट्या, जलद मेमरीत असेल तर चार-पाच सायकलमध्ये (सायकल म्हणजे प्रोसेसरच्या घड्याळाचा एक ठोका) हाती येतो, मुख्य मेमरीतून आणावा लागला तर शेकडो सायकल जातात. दुसरीही बहुतेक वेळा खोटीच, कारण आपला डेटा कशा प्रकारचा आहे हे आपल्याला चांगलं ठाऊक असतं. या लेखातल्या जवळपास सगळ्या युक्त्या या दोन फटींतून आत शिरतात.

जुनी गृहीतकं उकरून पाहण्यात वेळ वाया जातो असं वाटत असेल तर हॅश टेबलचं (प्रत्येक नोंदीची जागा हिशेबाने ठरवणाऱ्या तक्त्याचं) उदाहरण घ्या. टेबल जवळजवळ भरलेलं असताना रिकामी जागा शोधायला किती धडपड करावीच लागते, याबद्दल संगणकशास्त्रज्ञ अँड्र्यू याओ यांनी १९८५ मध्ये एक अनुमान मांडलं. चाळीस वर्षं ते टिकलं आणि २०२५ मध्ये खोटं ठरलं. ते खोडून काढणाऱ्यांपैकी अँड्र्यू क्रापिव्हिन याने काम सुरू केलं तेव्हा तो पदवीचा विद्यार्थी होता आणि असं काही अनुमान आहे हेच त्याला माहीत नव्हतं.

असो. आपण क्रमवार यादीतल्या शोधापासून सुरुवात करू.

पायरी १: आधी मोजपट्टी

सुधारणा करण्याआधी वेळ मोजणारा प्रोग्राम लिहा. हे काम कंटाळवाणं आहे आणि लोक नेमकं इथेच घाई करतात. मग चुकीच्या आकड्यांवर आठवडाभर मेहनत होते.

यादीचे निदान चार आकार घ्या. चार बाइटच्या संख्या धरल्या तर ४ हजार संख्या सर्वांत आतल्या कॅशमध्ये मावतात, अडीच लाख म्हणजे सुमारे १ एमबी, एक कोटी म्हणजे ४० एमबी आणि दहा कोटी म्हणजे ४०० एमबी. एका आकाराला जिंकणारी युक्ती दुसऱ्या आकाराला सपशेल हरते, हे पुढे दिसेलच. क्वेरी, म्हणजे शोधायच्या संख्या, आधीच तयार करून ठेवा. घड्याळ चालू असताना रँडम संख्या बनवत बसलात तर तुम्ही रँडम जनरेटरचाच वेग मोजाल. प्रत्येक उत्तर एका बेरजेत टाका आणि ती बेरीज शेवटी छापा, नाहीतर उत्तर कोणी वापरतच नाही असं पाहून कंपायलर अख्खा शोधच उडवून टाकतो.

आणखी एक मेख आहे. क्वेरी एकमेकींपासून स्वतंत्र असतील तर प्रोसेसर पहिली पूर्ण व्हायच्या आतच दुसरी सुरू करतो. मग आकडे सुंदर दिसतात, पण एका क्वेरीला खरोखर किती वेळ लागतो ते कळत नाही. म्हणून दोन मोजमापं ठेवा: एकात क्वेरी स्वतंत्र, दुसऱ्यात पुढची क्वेरी मागच्या उत्तरावर अवलंबून. तुमच्या खऱ्या प्रोग्रामसारखं यातलं कोणतं आहे, हे तुम्हीच ठरवायचं.

पायरी २: बिनचूक पाया

तुलनेसाठी एक साधा, निर्विवाद बरोबर बायनरी सर्च हवा. 'संख्या आहे की नाही' एवढंच विचारू नका. 'हव्या संख्येएवढी किंवा तिच्याहून मोठी अशी पहिली संख्या कुठे आहे' असं विचारा. याच एका प्रश्नातून असणं-नसणं, एकच संख्या अनेकदा आली असेल तर तिची सुरुवात, दोन मर्यादांमध्ये किती संख्या बसतात, अशी सगळी उत्तरं निघतात.

सोपं वाटतं, पण या अल्गोरिदमचा इतिहास सावध करणारा आहे. त्याची कल्पना जॉन मॉकली यांनी १९४६ मध्ये मांडली. यादीच्या कुठल्याही लांबीला चालणारं रूप छापून आलं ते १९६० मध्ये. आणि २००६ मध्ये जोशुआ ब्लॉक यांनी दाखवून दिलं की जावाच्या प्रमाणित लायब्ररीतला बायनरी सर्चही चुकीचा होता. दोष एकाच ओळीत होता:

मधला = (खालचा + वरचा) / २

यादीत २ चा ३०वा घात, म्हणजे सुमारे १०७ कोटी किंवा त्याहून जास्त घटक असले, की ही बेरीज ३२ बिटांत मावत नाही आणि ऋण होते. उपाय तितकाच छोटा:

मधला = खालचा + (वरचा − खालचा) / २

पायरी ३: 'जर'ची उडी काढा

साध्या बायनरी सर्चमध्ये दर फेरीला प्रोसेसरला 'डावीकडे की उजवीकडे' याचा आधीच अंदाज बांधावा लागतो. क्वेरी रँडम असेल तर हा अंदाज निम्म्या वेळा चुकतो, आणि दर चुकीला साधारण १५ ते २० सायकल पाण्यात जातात. बायनरी सर्चला प्रत्येक तुलनेतून जास्तीत जास्त माहिती मिळते ती दोन्ही शक्यता सारख्या असतात म्हणूनच. आणि नेमक्या त्याच कारणाने प्रोसेसरचा अंदाज बांधणारा भाग इथे हतबल होतो.

म्हणून उडी, म्हणजे अटीनुसार कोडच्या वेगळ्या वाटेवर जाणं, काढून तिथे हिशेब ठेवा:

आधार = ०
उरलेली = लांबी
जोवर उरलेली > १:
  अर्धी = उरलेली / २
  आधार = आधार + अर्धी × (यादी[आधार + अर्धी − १] < हवी)
  उरलेली = उरलेली − अर्धी
उत्तर = आधार + (यादी[आधार] < हवी)

कंसातली तुलना खरी असेल तर १, खोटी असेल तर ०. भागाकार पूर्णांकी आहे. रिकामी यादी आधीच वेगळी काढा. फेऱ्यांची संख्या आता फक्त लांबीवर ठरते, कोणती संख्या शोधताय यावर नाही. हा गुण पायरी ६ मध्ये कामाला येईल.

एवढं लिहून थांबू नका, कंपायलरने काय केलं ते असेंब्लीत (त्याने बनवलेल्या मशीन-पातळीच्या सूचनांत) पाहा. तुम्ही उडी काढलीत तरी काही कंपायलर 'मला जास्त कळतं' म्हणून ती परत घालतात. एकाच कोडवर दोन कंपायलर उलटसुलट वागलेले दिसतात.

छोट्या यादीवर हा बदल चांगलाच जाणवतो. मोठ्या यादीवर मात्र उलटा अनुभव येऊ शकतो: उडी काढलेलं रूप हळू पडतं. कारण गमतीदार आहे. उडी असताना प्रोसेसर अंदाजाने पुढे धावतो आणि पुढच्या फेरीला लागणारा आकडा मेमरीकडून आधीच मागवून ठेवतो. निम्म्या वेळा तो अंदाज बरोबर निघतो, म्हणजे निम्म्या वेळा वाट पाहणं वाचतं. उडी काढली की हा फुकटचा फायदाही गेला. मोठ्या यादीत खरा खर्च मेमरीची वाट पाहण्याचा आहे, आणि त्यावर कोडच्या दोन ओळी बदलून भागत नाही.

पायरी ४: यादीची मांडणीच बदला

माझ्या मते सर्वांत जास्त फळ देणारी पायरी ही, आणि सर्वांत कमी वापरली जाणारीही हीच.

मेमरीतून आकडे सुटे येत नाहीत. आजच्या बहुतेक प्रोसेसरांत ६४ बाइटचा तुकडा एकदम येतो, म्हणजे चार बाइटच्या १६ संख्या. बायनरी सर्च एक कोटी संख्यांच्या यादीत मधल्या संख्येवर जातो, मग पाव, मग अष्टमांश. दर वेळी १६ संख्या मागवायच्या आणि एक पाहून १५ टाकून द्यायच्या! शेवटच्या चारेक फेऱ्या एकाच तुकड्यात होतात, पण त्याआधीच्या सुमारे वीस फेऱ्यांना वीस वेगवेगळे तुकडे लागतात. यादीची लांबी २ चा नेमका घात असेल तर आणखी वाईट. त्या मधल्या जागांचे पत्ते कॅशच्या त्याच त्या मोजक्या खणांत पडतात आणि एकमेकांना बाहेर ढकलत राहतात. मोजमापात ठरावीक लांबीलाच वेळ एकदम उसळलेला दिसला तर आधी इथे संशय घ्या.

उपाय असा की क्रमवार यादी जशीच्या तशी न ठेवता, शोध ज्या क्रमाने संख्या पाहणार त्या क्रमाने ती मांडायची. सात संख्या घेऊ: १०, २०, ३०, ४०, ५०, ६०, ७०. सर्वांत आधी पाहिली जाणारी ४०, मग २० किंवा ६०, मग उरलेल्या. मांडणी झाली:

४०, २०, ६०, १०, ३०, ५०, ७०

जागांना १ पासून क्रमांक द्या. क क्रमांकाच्या जागेवरून डावीकडे जायचं तर २क, उजवीकडे जायचं तर २क + १. या मांडणीला आयत्सिंगर मांडणी म्हणतात. सोळाव्या शतकातल्या मिखाएल आयत्सिंगर या ऑस्ट्रियन वंशावळकाराने पूर्वजांना असेच क्रमांक दिले होते: व्यक्ती क, तर वडील २क आणि आई २क + १.

मांडणी भरायला छोटं रिकर्शन (स्वतःलाच पुन्हा बोलावणारं फलन) पुरतं:

भर(क):
  क > लांबी असेल तर परत
  भर(२क)
  मांडणी[क] = यादी[पुढचा]; पुढचा = पुढचा + १
  भर(२क + १)

'पुढचा' ० पासून सुरू करायचा आणि भर(१) म्हणायचं. शोध तर एका ओळीचा होतो:

क = १
जोवर क ≤ लांबी: क = २क + (मांडणी[क] < हवी)

आता ३५ शोधू. क = १ ला ४० आहे, ३५ पेक्षा लहान नाही, म्हणून क = २. तिथे २० लहान आहे, म्हणून क = ५. तिथे ३० लहान, म्हणून क = ११. हा सातच्या पुढे गेला, लूप थांबला. पण उत्तर कुठे आहे? ११ चं बायनरी रूप १०११. शेवटी सलग आलेले सगळे १ आणि त्यांच्या आधीचा एक ० पुसून टाका: उरला १. जागा १ वर ४० आहे, आणि तेच उत्तर. सगळं पुसून ० उरला तर हव्या संख्येएवढी किंवा मोठी संख्या यादीतच नाही. ७५ शोधून पाहा, क शेवटी १५ म्हणजे ११११ होतो. हे का चालतं? शेवटचे १ म्हणजे उजवीकडे घेतलेली वळणं. ती मागे घेत आपण शेवटच्या डाव्या वळणापर्यंत जातो, आणि तिथलीच संख्या पुरेशी मोठी होती.

या मांडणीचा मोठा फायदा असा की क पासून चार पायऱ्या खाली असलेल्या सगळ्या १६ शक्यता १६क ते १६क + १५ या जागांवर, एकमेकींना लागून बसतात. मांडणीची सुरुवात ६४ बाइटच्या सीमेवर ठेवली तर त्या एकाच तुकड्यात येतात. मग दर फेरीला १६क चा तुकडा प्रीफेच करायचा, म्हणजे लागण्याआधीच मेमरीकडून मागवून ठेवायचा. डावीकडे जा की उजवीकडे, चार फेऱ्यांनी लागणारा आकडा वाटेतच असतो. पत्ता मांडणीच्या बाहेर गेला तरी प्रीफेचने प्रोग्राम कोसळत नाही. पॉल-विराक खुआँग आणि पॅट मोरिन यांनी २०१७ मध्ये अशा मांडण्यांची बारकाईने तुलना केली, तेव्हा मोठ्या यादीवर ही साधी मांडणीच सरस ठरली.

आणखी पुढे जायचं तर प्रत्येक तुकड्यात १६ संख्यांचा गठ्ठा ठेवा आणि प्रत्येक गठ्ठ्याला १७ फाटे द्या. हा खरं तर बी-ट्रीच, फक्त पॉइंटर नसलेला: ० पासून क्रमांक दिले तर गठ्ठा ग चा अ क्रमांकाचा फाटा १७ग + अ + १ वर असतो. १७ चा सहावा घात दोन कोटी एकेचाळीस लाखांच्या वर जातो, म्हणजे एक कोटी संख्यांसाठी सहा तुकडे पुरतात. वीसच्या जागी सहा! एका गठ्ठ्यातल्या तुलना प्रोसेसरच्या व्हेक्टर सूचनांनी करायच्या. २५६ बिटांच्या सूचनेत आठ संख्या एकदम तपासल्या जातात. तुलना एकूण वाढतात, वेळ घटतो. मात्र हे रूप लिहायला किचकट आहे. वाचनाचा भार प्रचंड नसेल तर मी आयत्सिंगरवरच थांबेन.

दोन्ही मांडण्यांत मूळ क्रमांक हरवतो. तो लागत असेल तर शेजारी दुसरा अ‍ॅरे ठेवा.

पायरी ५: माहीत आहे ते वापरा

शब्दकोशात 'ह'पासून सुरू होणारा शब्द शोधताना कोणी मधलं पान उघडत नाही. संख्यांच्या बाबतीत हेच करणारा इंटरपोलेशन सर्च १९५७ पासून माहीत आहे: पहिली आणि शेवटची संख्या पाहून हवी संख्या साधारण कुठे असेल ते त्रैराशिकाने काढायचं. संख्या समान पसरलेल्या असतील तर तुलनांची सरासरी लॉगच्याही लॉगइतकी उतरते. पण त्या एका बाजूला गोळा झालेल्या असतील तर शोध एकेक घर सरकत अख्खी यादी पालथी घालू शकतो. शिवाय दर फेरीला भागाकार आला, आणि दोन टोकं समान असली की शून्याने भागणं आलं. दोन-तीन अंदाजांनंतर मुकाट्याने बायनरीवर परतायचं, अशा बंधनासहच हा वापरा. डेटा डिस्कवर किंवा नेटवर्कपलीकडे असेल, जिथे प्रत्येक वाचन महाग आहे, तिथे तो खरा शोभतो.

त्याचा आधुनिक वंशज म्हणजे लर्न्ड इंडेक्स. २०१८ मध्ये टिम क्रास्का आणि सहकाऱ्यांनी मांडलं की इंडेक्स म्हणजे 'संख्या दिली की जागा सांगणारं फलन' आहे, मग ते डेटावरून शिकता का येऊ नये? नावामुळे न्यूरल नेटवर्क डोळ्यांपुढे येतं, पण व्यवहारात सरळ रेषांचे तुकडे पुरतात. ते हाताने बांधून पाहू.

चूक जास्तीत जास्त एका जागेची चालेल असं ठरवू. संख्या १०, १४, १९, ३०, ७०. त्यांच्या जागा ० ते ४. रेषा (१०, ०) या बिंदूतून निघते. तिचा उतार किती ते लगेच ठरवायचं नाही, फक्त मर्यादा आवळत जायची. १४ ची जागा १, म्हणजे ० ते २ मधलं उत्तर चालेल. संख्येतला फरक ४, म्हणून उतार ० ते ०.५. १९ मुळे मर्यादा ०.१११ ते ०.३३३ होते. ३० मुळे वरची मर्यादा ०.२ वर येते. आता ७०: त्याला ०.०५ ते ०.०८३ मधला उतार हवा. हे आधीच्या मर्यादेत कुठेच बसत नाही. म्हणून पहिला तुकडा ३० वर संपला. त्याचा उतार ०.१५ घेऊ आणि ७० पासून नवा तुकडा सुरू करू. एका फेरीत अख्खी यादी अशी कापून होते. खऱ्या कामात चुकीची मर्यादा एकऐवजी ३२ किंवा ६४ ठेवतात. ३२ असेल तर अंदाजाभोवतीच्या ६५ जागांत सात तुलनांत काम संपतं.

तुकड्यांच्या सांध्यावर एक सापळा असतो. ६५ ही संख्या यादीत नाही, पण कोणी ती विचारली तर पहिला तुकडा सांगतो ०.१५ × ५५, म्हणजे जागा ८. यादी तर चारलाच संपते. म्हणून प्रत्येक तुकड्याचं उत्तर पुढच्या तुकड्याच्या पहिल्या जागेपाशी अडवायलाच हवं.

अंदाजावर किती विश्वास टाकायचा हा प्रश्न उरतोच. यावर मला सर्वांत पटणारं उत्तर जुनंच आहे: जॉन बेंटली आणि याओ (होय, तेच) यांचा १९७६ चा एक्स्पोनेन्शियल सर्च. अंदाज आला त्या जागेपासून १, २, ४, ८ अशा दुप्पट होत जाणाऱ्या ढांगा टाकायच्या, हवी संख्या ओलांडली की मधल्या पट्ट्यात बायनरी करायचा. अंदाज दहा जागांनी चुकला असेल तर नऊ-दहा तुलनांत काम झालं, यादी कितीही मोठी असो. अंदाज पूर्ण फसला तरी नुकसान साध्या बायनरीच्या सुमारे दुपटीपर्यंतच. त्यामुळे अंदाज कुठूनही आणा: मॉडेलमधून, त्रैराशिकातून किंवा नुसतं मागच्या क्वेरीचं उत्तर घेऊन. लागोपाठच्या क्वेरी एकमेकींजवळ असतील तर हा शेवटचा फुकटचा अंदाज भल्याभल्या मॉडेलना हरवतो. लर्न्ड इंडेक्सकडे वळण्याआधी तो नक्की करून पाहा.

पायरी ६: क्वेरी गठ्ठ्याने येत असतील तर

एक क्वेरी मेमरीची वाट पाहत असताना दुसरी पुढे सरकवा. पायरी ३ मधल्या कोडात सगळ्या क्वेरींच्या फेऱ्या सारख्याच, म्हणून आठ किंवा सोळा क्वेरी एकाच लूपमध्ये शेजारी-शेजारी चालवता येतात. क्वेरी स्वतःच क्रमाने लावता आल्या तर त्याहून बरं: मागच्या उत्तरापासून दुप्पट ढांगा टाकत पुढे जायचं.

नकाशावरच्या शोधातही हेच

आधीची माहिती वापरायची कल्पना ग्राफमध्येही (बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रस्त्यांच्या जाळ्यातही) तशीच चालते. १९६८ चा ए-स्टार अल्गोरिदम सर्वांत जवळचा रस्ता शोधताना उरलेल्या अंतराचा अंदाज घेतो, आणि तो अंदाज बहुधा सरळ रेषेतलं अंतर असतो. अँड्र्यू गोल्डबर्ग आणि ख्रिस हॅरेलसन यांनी २००५ मध्ये यात खुणेच्या जागांची भर घातली. नकाशावरचे मोजके बिंदू निवडायचे, त्यांच्यापासून प्रत्येक ठिकाणाचं खरं अंतर एकदाच काढून ठेवायचं. मग खूण ते मुक्काम आणि खूण ते इथपर्यंत या दोन अंतरांतला फरक हा उरलेल्या अंतराचा अंदाज झाला. त्रिकोणाच्या नियमामुळे तो खऱ्या अंतरापेक्षा कधीच जास्त होत नाही, म्हणून उत्तर चुकत नाही. नकाशाच्या कडेकडेच्या खुणा निवडल्या तर अंदाज जास्त घट्ट बसतो. रस्ते एकेरी असतील तर दोन्ही दिशांची अंतरं साठवावी लागतात.

चाचणी आणि बदलती यादी

वरचं प्रत्येक रूप पायरी २ च्या पायाशी ताडून पाहा. रँडम चाचण्यांवर विसंबू नका, कारण चुका टोकांवर दडलेल्या असतात. ० ते १०० अशी प्रत्येक लांबी घ्या आणि त्या यादीत पहिल्या संख्येहून एकने लहान ते शेवटच्या संख्येहून एकने मोठी अशी प्रत्येक संख्या विचारा. मग सगळ्या संख्या सारख्या असलेल्या याद्या, आणि त्या संख्याप्रकारातली सर्वांत लहान व सर्वांत मोठी संख्या असलेल्या याद्या घ्या. हे सगळं चालायला क्षणभर लागतो.

नव्या मांडण्या आणि रेषांचे तुकडे, दोन्ही न बदलणाऱ्या यादीसाठी आहेत. यादीत अधूनमधून भर पडत असेल तर नव्या संख्या एका छोट्या, साध्या क्रमवार यादीत ठेवा आणि शोध दोन्हीकडे करा. छोटी यादी आतल्या कॅशमध्ये मावेनाशी झाली की मागे दुसऱ्या थ्रेडवर दोन्ही एकत्र करून मांडणी नव्याने बांधा आणि तयार झाल्यावर पॉइंटर बदला. बांधणी चालू असताना आलेल्या संख्या तिसऱ्या यादीत जाऊ द्या. काढून टाकलेल्या संख्यांसाठी वेगळी खूण ठेवा, नाहीतर पुढच्या बांधणीपर्यंत त्या जुन्या मांडणीत सापडत राहतील.